विद्यावेतन, शिष्यवृत्ती आणि शैक्षणिक कर्ज : महाविद्यालयीन विद्यार्थी व पालक यांच्यासाठी

दरवर्षी बारावीचे निकाल जाहीर झाले की भोपाळच्या टी. टी. नगरात, न्यू मार्केटच्या आसपास, ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या दुकानांपुढे विद्यार्थी व पालक यांची गर्दी होऊ लागते. प्रत्येकाच्या हाती गुणपत्रिकेची छायाप्रत असते आणि प्रत्येकाचा प्रश्न बहुधा एकच असतो : ‘कोणती योजना मिळेल?’ प्रश्न स्वाभाविक आहे, परंतु अपुरा आहे. शासनाकडून, आस्थापनांकडून अथवा बँकेकडून विद्यार्थ्यास मिळणारा पैसा एकाच जातीचा नसतो. काही रक्कम विद्यार्थ्याने वर्गात टिकून राहावे म्हणून दिली जाते, काही रक्कम त्याने काम शिकावे म्हणून दिली जाते, तर काही रक्कम पुढे परत करावयाची असते. पहिलीस शिष्यवृत्ती, दुसरीस विद्यावेतन आणि तिसरीस कर्ज म्हणतात.

हा भेद ध्यानात न आल्यास नुकसान विद्यार्थ्याचेच होते. दरमहा काही हजार रुपये मिळतात एवढेच ऐकून एखादा विद्यार्थी दुसऱ्या वर्षातच महाविद्यालय सोडतो आणि वर्षभराने पदवीही नाही व नोकरीही नाही अशा स्थितीत येतो. एखाद्या घरी शिष्यवृत्तीची रक्कम खात्यात जमा होताच ती घरखर्चात जाते आणि परीक्षेचा अर्ज भरण्याच्या वेळी थकलेल्या शुल्काचा प्रश्न उभा राहतो. कोणता पैसा कोणत्या वेळेसाठी व कोणत्या अटीवर मिळतो, एवढे प्रारंभीच समजून घेतले तर असे प्रसंग टळू शकतात. प्रस्तुत लेखाचा उद्देश तोच आहे.

परंपरा जुनी आहे

टी. टी. नगर म्हणजे तात्या टोपे नगर. मूळचे येवल्याचे असलेल्या या सेनानीचे नाव ज्या वसाहतीस दिले गेले, ती वसाहत १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाल्यानंतर शासकीय कर्मचाऱ्यांच्या निवासासाठी उभी राहिली. नागपूरहून बदलून आलेली अनेक मराठी कुटुंबे येथे स्थिरावली. या कुटुंबांजवळ शेतीवाडी अथवा पेढी नव्हती. शिक्षण हीच त्यांची मिळकत होती. जुन्या पिढीतील अनेकांनी ते शिक्षण वार लावून जेवून अथवा माधुकरी मागून पुरे केले होते.

गरजू विद्यार्थ्याला समाजाने आधार द्यावा, हा विचार महाराष्ट्रात नवा नाही. पुण्यात १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह स्थापन झाले. तेच आजचे पुणे विद्यार्थी गृह होय. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी निरनिराळ्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांची मालिका उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि ‘कमवा व शिका’ हे तत्त्व प्रत्यक्षात आणले. विद्यार्थी शरीरश्रम करीत आणि त्यातून शिक्षणाचा खर्च भागवीत. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना कोलंबिया विद्यापीठातील अध्ययनासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. तीसोबत शिक्षणानंतर बडोदे संस्थानाची दहा वर्षे सेवा करण्याचा करारही होता.

आजच्या बहुतेक योजनांची बीजे या उदाहरणांत सापडतात. वसतिगृहाचा आधार हा शिष्यवृत्तीचा पूर्वज होय. श्रमातून शिक्षण हे विद्यावेतनाचे मूळ रूप होय. आणि बडोद्याचा करार आपल्याला आठवण करून देतो की साहाय्यासोबत पुष्कळदा अट येते, आणि स्वाक्षरी करण्यापूर्वी ती वाचावी लागते.

शिष्यवृत्ती : वर्गात टिकून राहण्यासाठी

शिष्यवृत्ती नियमित शिकणाऱ्या विद्यार्थ्यास मिळते. तिची पात्रता सामान्यतः तीन गोष्टींवर ठरते : गुण, कुटुंबाचे उत्पन्न आणि सामाजिक प्रवर्ग. कोठे यांपैकी एकच निकष लागतो, तर कोठे दोन वा तिन्ही.

मध्य प्रदेशात २०१७ साली सुरू झालेली मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना गुण व उत्पन्न या दोहोंवर आधारलेली आहे. राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत किमान ७० टक्के, अथवा केंद्रीय मंडळाच्या परीक्षेत किमान ८५ टक्के गुण मिळविणाऱ्या आणि उत्पन्नाच्या ठरलेल्या मर्यादेत बसणाऱ्या राज्यातील रहिवाशांचे महाविद्यालयीन शुल्क शासन भरते. मात्र भोजनगृहाचा खर्च व अनामत रक्कम त्यात धरलेली नाही. तेवढी तरतूद कुटुंबाने करावयाची असते. वैद्यकीय शाखेच्या विद्यार्थ्यास या योजनेखाली शासकीय सेवेचे बंधपत्रही द्यावे लागते. बडोद्याच्या करारासारखेच हे आहे.

मुलींसाठी राज्यात दोन योजना आहेत. २००५ साली सुरू झालेली ‘गाँव की बेटी’ योजना गावातील शाळेतून प्रथम श्रेणीत बारावी उत्तीर्ण होऊन महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या मुलींसाठी आहे. शहरातील दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील प्रथम श्रेणीच्या मुलींसाठी ‘प्रतिभा किरण’ योजना आहे. दोहोंमध्ये पारंपरिक अभ्यासक्रमासाठी दरमहा ५०० रुपये, याप्रमाणे वर्षातील दहा महिने साहाय्य ठरविण्यात आले. रक्कम लहान दिसते. पण रोज बसने महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीच्या भाड्याचा प्रश्न घरी निघतो, तेव्हा तिचे शिक्षण चालू ठेवण्याच्या बाजूने एवढी रक्कमही बोलते.

केंद्र शासनाची महाविद्यालयीन व विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठी असलेली गुणवत्ता शिष्यवृत्ती अनेकांच्या लक्षात येत नाही. आपापल्या मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत वरच्या २० टक्क्यांत येणाऱ्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाख रुपयांपर्यंत असलेल्या विद्यार्थ्यांतून दरवर्षी ८२,००० जणांची निवड होते. त्यांतील निम्म्या शिष्यवृत्त्या मुलींसाठी राखून ठेवलेल्या आहेत. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत दरसाल १२,००० आणि पदव्युत्तर वर्गात दरसाल २०,००० रुपये मिळतात. नूतनीकरणासाठी वार्षिक परीक्षेत किमान ५० टक्के गुण व ७५ टक्के उपस्थिती आवश्यक असते. एकदा मिळालेली शिष्यवृत्ती आपोआप चालू राहते असा समज ठेवून नूतनीकरणाचा अर्जच न भरणे, ही यातील नेहमीची चूक होय.

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा प्रारंभ १९४४ साली झाला. आपल्या देशातील ही सर्वांत जुन्या व व्यापक शिष्यवृत्त्यांपैकी एक होय. २०२०-२१ पासून तिचा खर्च केंद्राने ६० व राज्याने ४० टक्के या प्रमाणात उचलावयाचा, असे ठरले. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वार्षिक अडीच लाख रुपये आहे. नव्या पद्धतीत केंद्राचा हिस्सा सरळ विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होतो, आणि त्यात निर्वाह भत्त्याबरोबर महाविद्यालयाच्या शुल्काचाही अंश असतो. सबब खात्यात आलेली सर्वच रक्कम आपली नव्हे, हे विद्यार्थ्याने ध्यानी ठेवावे. रक्कम येताच शुल्काचा भाग महाविद्यालयात भरून पावती घ्यावी आणि मगच उरलेल्या रकमेचा विचार करावा.

राज्य बदलले की नियम बदलतात

भोपाळमधील मराठी कुटुंबांना या बाबतीत विशेष सावध राहावे लागते. मुले शिक्षणासाठी पुण्यास वा नागपुरास जातात आणि तेथील योजनांचा लाभ मिळेल अशी अपेक्षा करतात. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मात्र विद्यार्थी ज्या राज्याचा कायम रहिवासी असेल, ते राज्य देते. शिक्षण कोठे चालले आहे यावर ते अवलंबून नसते. भोपाळचा विद्यार्थी पुण्यात शिकत असला तरी त्याने अर्ज मध्य प्रदेशाकडे करावयाचा.

तसेच जातींच्या याद्या राज्याराज्यांत, क्वचित एकाच राज्यातील जिल्ह्याजिल्ह्यांतही, भिन्न असतात. धोबी समाज मध्य प्रदेशातील भोपाळ, रायसेन व सीहोर या जिल्ह्यांत अनुसूचित जातींत मोडतो. महाराष्ट्रात त्याची गणना इतर मागासवर्गात होते. म्हणून वडिलांचे वा आजोबांचे मूळ गाव दुसऱ्या राज्यात असेल, तर जातीचा दाखला कोणत्या राज्याचा आहे व तो कोठे ग्राह्य धरला जातो, याची चौकशी प्रवेशाच्या आधी करावी.

आंतरवासिता : अभ्यासक्रमाचा एक भाग

पूर्वी आंतरवासिता म्हटले की वैद्यकीय पदवीनंतरचे रुग्णालयातील वर्ष एवढेच डोळ्यांपुढे येई. आज हा शब्द, अथवा बोलण्यातील ‘इंटर्नशिप’, सर्व शाखांत रूढ झाला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० पदवी स्तरावर लागू करणाऱ्या पहिल्या राज्यांत मध्य प्रदेश होता. येथे २०२१-२२ या सत्रापासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. तेव्हापासून प्रकल्पकार्य, आंतरवासिता, शिकाऊ उमेदवारी अथवा समाजसंपर्काचे कार्य यांना पदवीच्या अभ्यासक्रमात स्थान मिळाले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आंतरवासितेचे सुमारे ३० तास म्हणजे एक श्रेयांक, आणि तीन वर्षांच्या पदवीसाठी ६० ते १२० तासांची आंतरवासिता अपेक्षित आहे.

या आंतरवासितेत पैसे मिळतीलच असे नाही. येथे मोबदला श्रेयांकांच्या व अनुभवाच्या रूपाने मिळतो. म्हणून निवड करताना ‘किती मिळतील?’ यापेक्षा ‘काय शिकायला मिळेल?’ हा प्रश्न आधी विचारावा. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने एखाद्या सहकारी पतसंस्थेत महिनाभर खतावणी लिहिली, विज्ञान शाखेच्या विद्यार्थिनीने पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नमुने हाताळले, अथवा मराठीच्या विद्यार्थ्याने जुन्या ग्रंथालयातील पुस्तकांची सूची केली, तर ते काम पुढे मुलाखतीत बोलते. कोणत्याही कामाविना केवळ प्रमाणपत्र देणारी ठिकाणे टाळावीत. आणि ‘नोंदणी शुल्क भरा, मग इंटर्नशिप देतो’ असे कोणी म्हणत असेल, तर तेथून सरळ परत फिरावे. काम शिकविण्यासाठी विद्यार्थ्याकडूनच आगाऊ पैसे घेणाऱ्याचा हेतू शिकविण्याचा नसतो.

शिकाऊ उमेदवारी : शिक्षणानंतरची पायरी

विद्यावेतन देणारी दीर्घ मुदतीची प्रशिक्षणे बहुतांशी शिक्षण पुरे झाल्यानंतरची असतात. त्यांचा पाया शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ हा आहे. आरंभी तो कारखान्यातील कारागीर उमेदवारांपुरता होता. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक त्यात आले आणि २०१४ च्या दुरुस्तीने इतर शाखांच्या पदवीधरांनाही दार उघडले. २०१९ च्या नियमांनुसार ३० अथवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेस कर्मचारीसंख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. राष्ट्रीय योजनेखाली पदवीधर व पदविकाधारक उमेदवारांच्या किमान विद्यावेतनाचा निम्मा भाग केंद्र शासन उचलते. मध्य प्रदेशासाठी हे काम मुंबई येथील पश्चिम विभागाच्या शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळाकडे आहे. भोपाळच्या भेल कारखान्यासारख्या सार्वजनिक उपक्रमांत अनेक तरुणांनी कामाचे पहिले धडे याच मार्गाने घेतले.

या अधिनियमाखालील उमेदवार कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो. त्यामुळे कामगार कायदे त्यास सरसकट लागू होत नाहीत. तथापि सुरक्षितता व आरोग्य यांविषयीच्या तरतुदी त्यासही लागू आहेत आणि कामावर अपघात झाल्यास भरपाईचा हक्कही आहे. विद्यावेतन हे मजुरी नव्हे आणि दानही नव्हे. शिकण्याच्या काळात उमेदवार उपाशी राहू नये, यासाठीची ती व्यवस्था होय.

राज्य शासनाची मुख्यमंत्री सीखो कमाओ योजना २०२३ साली जाहीर झाली. १८ ते २९ वर्षे वयाच्या राज्यातील रहिवाशांस प्रत्यक्ष आस्थापनेत काम शिकविणे हा तिचा हेतू. बारावी उत्तीर्णांस दरमहा ८,०००, आयटीआय उत्तीर्णांस ८,५००, पदविकाधारकांस ९,००० आणि पदवीधरांस १०,००० रुपये असे विद्यावेतन तेव्हा ठरविण्यात आले. त्यातील तीन चतुर्थांश वाटा राज्याने व उरलेला आस्थापनेने उचलावयाचा. म्हणजे पदवीधराच्या दहा हजारांपैकी साडेसात हजार शासनाचे व अडीच हजार आस्थापनेचे. महाराष्ट्रात २०२४ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेतही पदवीधरांसाठी दरमहा १०,००० रुपयांची तरतूद होती.

केंद्र शासनाची प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. देशातील ५०० मोठ्या कंपन्यांत बारा महिन्यांचा अनुभव, दरमहा ५,००० रुपये आणि एकदाच ६,००० रुपयांचे अनुदान, असे तिचे मूळ स्वरूप होते. दरमहाच्या रकमेत ४,५०० शासनाचे व ५०० कंपनीचे. तिच्या त्या वेळच्या अटी टी. टी. नगरच्या वाचकांनी विशेष लक्षात घ्याव्यात. वय २१ ते २४ वर्षे असावे. कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांहून अधिक नसावे. कुटुंबात कोणी कायम शासकीय कर्मचारी नसावा. आणि उमेदवार पूर्ण वेळ नोकरी अथवा पूर्ण वेळ शिक्षण घेत नसावा. म्हणजे शासकीय वसाहतीतील अनेक मुले त्या अटींत बसतच नव्हती, आणि नियमित महाविद्यालयात शिकणाऱ्यास ती योजना नव्हतीच. तिच्यासाठी महाविद्यालय सोडणे म्हणजे पुढच्या पायरीसाठी उभी असलेली पायरी मोडणे होय.

विद्यावेतनाची मुदत ठरलेली असते, हेही विसरू नये. मध्य प्रदेशात २०२३ साली ३१३ विकासखंडांत प्रत्येकी १५ जनसेवा मित्र नेमण्यात आले होते. ती नेमणूकही ठरावीक काळापुरतीच होती. अशा प्रशिक्षणात नोकरीची हमी नसते. तेथून बाहेर पडताना हाती काय राहील, याचा विचार पहिल्याच दिवशी करावा : कामाची नोंदवही, प्रमाणपत्र, आणि ज्यांच्या हाताखाली काम केले त्यांचा चांगला अभिप्राय.

कर्ज : शेवटचा मार्ग

शुल्कमाफी, शिष्यवृत्ती व घरची बचत यांतून जे भागत नाही, तेवढ्यापुरतेच कर्ज काढावे. कर्ज काढण्यात कमीपणा नाही. मात्र हिशेब न करता काढण्यात धोका आहे.

शैक्षणिक कर्जाची परतफेड सामान्यतः अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होते. त्या काळात हप्ता नसला तरी व्याज चालूच असते. समजा, चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षाच्या प्रारंभी एक लाख रुपये, याप्रमाणे चार लाखांचे कर्ज १० टक्के सरळ व्याजाने घेतले. पाचव्या वर्षाअखेर परतफेड सुरू होईल तेव्हा पहिल्या लाखावर पाच वर्षांचे, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन व चौथ्यावर दोन वर्षांचे, म्हणजे एकूण १,४०,००० रुपये व्याज झालेले असेल. चार लाखांच्या जागी ५,४०,००० रुपयांपासून परतफेडीस आरंभ करावा लागेल. हेच कर्ज शिष्यवृत्तीमुळे निम्म्यावर आले, तर व्याजही सत्तर हजारांवर येते. शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेवर भरण्याचे मोल या हिशेबावरून कळून येईल.

केंद्र शासनाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक उच्च शिक्षण संस्थांत प्रवेश मिळविणाऱ्यांस तारण व जामीनदार यांशिवाय कर्ज मिळण्याची सोय आहे. कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास व दुसऱ्या शासकीय शिष्यवृत्तीचा वा व्याजसवलतीचा लाभ घेतलेला नसल्यास, दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर परतफेड सुरू होईपर्यंत तीन टक्के व्याजसवलत ठेवलेली आहे. आपली संस्था त्या यादीत आहे काय, हे प्रवेश निश्चित करण्यापूर्वीच पाहावे.

कागदपत्रांची सिद्धता

अर्ज अडकतो तो बहुधा पात्रतेवर नव्हे, कागदावर. पुढील गोष्टी निकालापूर्वीच सिद्ध ठेवाव्यात.

१. मूळ निवासी प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला व लागू असल्यास जातीचा दाखला. मध्य प्रदेशाच्या २०१० च्या लोकसेवा हमी कायद्यान्वये असे दाखले ठरलेल्या मुदतीत देणे बंधनकारक आहे. अर्ज लोक सेवा केंद्रात देऊन पोच अवश्य घ्यावी.

२. समग्र क्रमांक व आधार क्रमांक. दोहोंतील नाव, जन्मतारीख व लिंग यांची नोंद गुणपत्रिकेशी तंतोतंत जुळली पाहिजे. मराठी कुटुंबांत ही अडचण वारंवार येते. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असे तिहेरी नाव लिहिण्याची रीत आहे. एका कागदावर ते पूर्ण येते, दुसऱ्यावर मधले नाव गळते, तिसऱ्यावर आडनाव आधी येते. संगणक या तिघांना तीन निराळ्या व्यक्ती समजतो. दुरुस्तीस वेळ लागतो, म्हणून ती अकरावीतच करून घ्यावी.

३. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचे बँक खाते. आधारवर आधारित रक्कम ज्या खात्याची जोडणी सर्वांत शेवटी झाली असेल, त्यात जमा होते. मध्यंतरी दुसऱ्या बँकेत खाते उघडले असल्यास शिष्यवृत्ती तिकडे गेली आहे काय, हे पाहावे.

४. भरलेल्या प्रत्येक अर्जाची छापील प्रत व अर्ज क्रमांक. महाविद्यालयाने पडताळणी केल्याविना बहुतेक अर्ज पुढे जात नाहीत. तेव्हा अर्ज भरल्यानंतर आठवडाभराने महाविद्यालयातील शिष्यवृत्ती विभागात जाऊन चौकशी करावी.

योजनांच्या रकमा, मर्यादा व अटी वेळोवेळी बदलतात. म्हणून अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षीचे नियम संबंधित विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरून अथवा महाविद्यालयातून पडताळून घ्यावेत. शेजाऱ्याच्या मुलास गेल्या वर्षी काय मिळाले, यावर विसंबू नये.

घरोघरी दिनदर्शिका असते. तीवर दुधाचा हिशेब, सणवार व गॅसच्या टाकीची तारीख लिहिलेली असते. त्याच दिनदर्शिकेवर मुलाच्या अथवा मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची अंतिम तारीख, नूतनीकरणाची तारीख व शुल्क भरण्याची तारीख एवढ्या तीन नोंदी अधिक कराव्यात. तारीख चुकल्यामुळे ज्याचे एक वर्ष वाया गेले, त्याला त्या नोंदीची किंमत सांगावी लागत नाही.